सहा पिना अर्थाच्या

आसगावात रात्री साडेनवाला
भोजराज निमजेच्या मोटर-वाइंडिंगच्या दुकानाचं
शटर अर्धं खाली येतं.
बाहेर सात मोटरी ओळीनं निजलेल्या,
उन्हाळी धानाचे दिवस, रोज दोन जळून येतात.
आत वार्निशचा वास,
आणि टेबलावर आमचा संगणक,
चार कप्प्यांचा, जेवणाच्या डब्याच्या झाकणाएवढा.
कुठलाही कप्पा ओढा, दुसरा सरकवा.
फक्त पडदा जोडायला जागा नाही.

नाही म्हणजे, होती.
बाजारातला जोड कडेला लावून पाहिला:
बकरीला म्हशीची शिंगं.

तेव्हा आपणच करायचा ठरलं.
केवढा करायचा?
करुणा रामटेकेनं कोपऱ्यातल्या पोत्यातून
एक धान उचललं,
व्हर्नियरच्या जबड्यात धरलं, टरफलासकट:
आठ मिलिमीटर.
"एवढा. याच्यापेक्षा मोठा नाही."

मी शाळेत प्रयोगशाळा परिचर,
हिशेब माझ्या वहीत.
एका धानात सोळा पिना:
सहा चित्राच्या,
दोन विजेच्या,
दोन, काचेवर बोट कुठं टेकलं ते कळवायला,
उरल्या सहा अर्थाच्या.

इथं भांडण लागलं.
"सहा कायले?" भोजराज म्हणे,
"त्या काई नेत नाई, आनत नाई,
नुसत्या बसल्या पंगतीत.
साडेसातच्या मोटरीले एक अर्थ पुरते,
गड्ड्यात मीठ-कोळसा टाकला का झालं.
अन् तुमच्या या चिमणीले सहा?"
करुणा म्हणाली, पुस्तकात आहे.
तो म्हणाला, पुस्तकाले हात भाजत नाई.

तीन रात्री हेच.
शेवटी चार काढल्या. हिशेब खोडताना
मलाही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू,
धान अजून बारीक झालं होतं.

पाटी कुरिअरनं आली, पवनीपर्यंतच;
पुढं दुधाच्या गाडीत, बरण्यांच्या मधे.
भोजराजनं भिंग डोळ्याला बांधलं,
श्वास रोखून बारा टाके घातले,
केसाहून जाड म्हणावेत इतकेच.
करुणानं आईचा फोटो लावला:
मांडीवर सूप, सुपात तेंदूपानं,
बोटांत अर्धी बांधलेली विडी.

दिसली आई. पण लाह्या फुटाव्यात
तसे ठिपके तोंडभर,
कपाळ इकडे, हनुवटी जराशी तिकडे,
विडी तर सापडेचना.

करुणा बराच वेळ पाहत राहिली.
मग म्हणाली, "एक तार बोलते,
शेजारची ऐकते,
मग दोघी एकदम बोलायला लागतात.
मधे कोणीतरी चूप बसणारं लागते, काका."

भोजराज काही बोलला नाही.
त्याचे दोन भाऊ एकमेकांचं तोंड पाहत नाहीत.
घराचे तीन भाग झाले,
मधल्या भागात हा राहतो.
त्यानं भिंग उतरवलं, चष्मा पुसला,
वही माझ्यापुढं सरकवली:
"ल्ही. सहाच्या सहा."

दुसरी पाटी यायला पुन्हा वीस दिवस.
तोवर किती मोटरी भरल्या, मोजल्या नाहीत.

त्या रात्री चित्र लागलं.
कोणी ओरडलं नाही. आम्ही तिघं वाकून
नुसती बोटं पाहत होतो,
नखातला तंबाखूसुद्धा दिसत होता.
तेवढ्यात शटर वाजलं.
डोमाजी हेडाऊ, मोटर न्यायला,
बाराला थ्री-फेज येणार होती.
वाकून आत आला, टेबलाकडे पाहिलं:
"हे तं कौसाबाई होय ना?
विडी पक्की बांधते बाई."
आणि मोटर खांद्यावर घेतली.

इतका छोटा पडदा, असला संगणक,
कसा, कशानं, काही विचारलं नाही त्यानं.
वायरचं एक हिरवं टोक
त्याच्या पाठीवर लोंबत होतं.

भोजराज शटरपर्यंत गेला,
अंधारात हाक मारून म्हणाला,
"अर्थ लावजो बरं, डोमाजी!
पहिले अर्थ लावजो!"